बीजिंग २००८, ७५ किलो : विजेंदरकडून १३-२ ने हरलेला बादू जॅक जगज्जेता कसा झाला?

डावखुरा

बीजिंग ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला अभिनव बिंद्राचं सुवर्ण आठवतं, सुशीलचं कांस्य आठवतं आणि विजेंदर सिंगचं कांस्य. बॉक्सिंगमधलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. उपांत्यपूर्व फेरीत त्याने इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४ असं हरवलं आणि पदक पक्कं झालं. उपांत्य लढतीत क्यूबाच्या एमिलियो कोरेयाने त्याला ८-५ ने रोखलं. एवढं बहुतेकांना माहीत असतं.

त्या स्पर्धेतली विजेंदरची पहिली लढत मात्र फार कुणाच्या लक्षात नाही. समोर गांबियाचा बादू जॅक होता. जन्म स्टॉकहोमचा, आई स्वीडिश, वडील गांबियाचे. ऑलिंपिकमध्ये उतरलेला गांबियाचा तो पहिला बॉक्सर, उद्घाटनाच्या संचलनात झेंडाही त्याच्याच हाती होता. विजेंदरने त्याला १३-२ असं हरवलं. इतकं एकतर्फी, की त्या मुलाचं पुढे काय झालं हे विचारावंसं कुणाला वाटलं नसणार.

पुढे हे झालं. २४ एप्रिल २०१५ रोजी शिकागोमध्ये अँथनी डिरेलला हरवून बादू जॅक सुपर मिडलवेटचा डब्ल्यूबीसी जगज्जेता झाला. (व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार मोठ्या संघटना, प्रत्येकीचा जगज्जेता वेगळा आणि त्याचा पट्टाही वेगळा.) २०१७ मध्ये त्याने लाइट हेवीवेटचा डब्ल्यूबीए पट्टा घेतला. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, सौदी अरेबियात इलुंगा मकाबूला हरवून क्रूझरवेटचा डब्ल्यूबीसी पट्टाही.

मला या माणसाबद्दल फार आदर आहे, आणि तो पट्ट्यांच्या संख्येमुळे नाही. त्याची वाट बघा. स्वीडनमध्ये १९७० पासून व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी होती, ती २००६ मध्ये उठली तीही अटी घालून. म्हणजे घरच्या देशात या धंद्याला ना परंपरा, ना प्रेक्षक. २००९ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि लवकरच अमेरिकेला गेला. ऑलिंपिक पदकवाल्याला प्रमोटर दारात गाडी घेऊन येतो, पहिल्याच करारात मोठी रक्कम मिळते, टीव्हीवर जागा मिळते. जॅककडे यातलं काही नव्हतं. दुसऱ्यांच्या मोठ्या लढतींच्या आधी, सभागृह अर्धं रिकामं असताना लढायचं, असं करत तो नामवंत अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरच्या प्रमोटर कंपनीपर्यंत पोचला.

आणि मग २८ फेब्रुवारी २०१४. लास वेगासमध्ये डेरेक एडवर्ड्स नावाच्या, फारसं नाव नसलेल्या बॉक्सरने त्याला पहिल्या फेरीत ६१ सेकंदांत संपवलं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अशा पराभवानंतर माणूस बहुधा ‘दुसऱ्याच्या विक्रमासाठी बोलावला जाणारा’ होतो. प्रमोटरचा रस संपतो, टीव्हीवाले फोन उचलत नाहीत. जॅक १४ महिन्यांनी डिरेलसमोर उभा होता आणि जिंकला. कोपऱ्यात, म्हणजे प्रशिक्षक म्हणून, माजी जगज्जेता एडी मुस्तफा मुहम्मद होता. तिथून पुढचा जॅक हा वेगळाच बॉक्सर आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : बीजिंगचा १३-२ हा निकाल खरा होता, आणि तरीही त्यात जॅकबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसलीच नाही. जॅक उशिरा पेटणारा बॉक्सर आहे. पहिल्या तीन-चार फेऱ्या तो देऊन टाकतो, बरगड्यांवर आणि पोटावर मारत राहतो, आणि आठव्या फेरीनंतर समोरच्याचे पाय जड झाले की वसूल करतो. बीजिंगमध्ये अख्खी लढत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची होती. आठ मिनिटं. जॅकचा खेळ जिथे सुरू होतो तिथे पोचायच्या आतच घंटा वाजली.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः त्या वेळच्या गुणपद्धतीवर.

---

सुमेधा_वाचते

सुंदर लेख. मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही, पण लढत ‘९-४’ किंवा ‘१३-२’ अशी असते हे तेव्हा टीव्हीवर पाहिलेलं आठवतं. आता ‘११५-११३’ असलं काहीतरी ऐकू येतं. हे गुण नक्की कसे मोजतात?

---

जुना_कोपरा

सुमेधाताई, मी सेनादलाकडून काही वर्षं खेळलो, नंतर मुलांना शिकवलं, त्यामुळे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो.

बीजिंगच्या वेळी रिंगभोवती पाच जज बसत. प्रत्येकासमोर एका कोपऱ्याचं लाल आणि एका कोपऱ्याचं निळं बटण. ठोसा लागला असं वाटलं की बटण दाबायचं. पाचातल्या तिघांनी एका सेकंदाच्या आत एकच बटण दाबलं तरच गुण मिळे. आता विचार करा, एका सेकंदात तिघांना एकाच वेळी काय दिसणार? लांबून सरळ आलेला, डोक्यावर लागलेला, स्वच्छ ठोसा. जवळ घुसून बरगडीवर मारलेला हुक एका जजला दिसतो, पलीकडच्याला बॉक्सरची पाठ दिसते. त्यामुळे पोटावरच्या माराला गुण जवळपास मिळतच नसत. आम्ही मुलांना सांगायचोच, ‘बॉडीवर मारायचं असेल तर वर मारायला वाट मिळावी म्हणून मारा, गुणासाठी नको.’

विजेंदर या पद्धतीसाठी घडवलेला होता. उंच, हात लांब, डोळा तेज. समोरचा आत येईपर्यंत थांबायचं, उजवा सोडायचा आणि दोन पावलं मागे. भिवानीत जगदीश सिंग यांच्या हाताखाली आणि राष्ट्रीय शिबिरात गुरबक्षसिंग संधूंच्या हाताखाली त्याने हेच पक्कं केलं होतं. जॅकसारखा पुढे येऊन खाली मारणारा बॉक्सर त्याच्या पथ्यावरच पडणार.

व्यावसायिकमध्ये प्रत्येक फेरीचे वेगळे गुण असतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, खाली पडला तर ८. बारा फेऱ्यांची बेरीज केली की ११५-११३ वगैरे आकडे येतात. २०१३ पासून हौशी बॉक्सिंगमध्येही ही दहा गुणांची पद्धत आली आणि पुरुषांचं हेडगार्डही गेलं. विजेंदर-जॅक लढत आजच्या नियमांनी झाली असती तरी विजेंदरच जिंकला असता असं मला वाटतं. पण १३-२ एवढी दरी दिसली नसती.

---

वरळीकर

डावखुरा, तुमच्या धाग्याने ५ ऑगस्ट २०१७ ची संध्याकाळ डोळ्यांसमोर आली. वरळीच्या एनएससीआयच्या स्टेडियममध्ये विजेंदरची चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढत होती, आणि मी होतो. डोकलामचा तणाव ऐन भरात. लढत दहा फेऱ्यांची. त्याच रात्री अखिल कुमार आणि जितेंदर कुमार या बीजिंगच्या आणखी दोघांचं व्यावसायिक पदार्पण झालं.

टीव्हीवर जाणवत नाही ते तिथे जाणवलं. झुल्पिकार तरुण होता, अंगावर येत होता, कमरेखाली ठोसे बसत होते, पंचांनी ताकीदही दिली. आठव्या फेरीनंतर विजेंदरचे हात खाली येताना दिसत होते. बाजूचे लोक ‘मार, मार’ ओरडत होते आणि मला फक्त घंटा वाजायला हवी होती. निकाल ९६-९३, ९५-९४, ९५-९४. दोन जजांनी एकेका गुणाने दिली. आधी विजेंदरकडे डब्ल्यूबीओचा आशिया पॅसिफिक हा प्रादेशिक पट्टा होता, आता ओरिएंटलही आला.

आणि मग त्याने माइक हातात घेतला आणि हा पट्टा मला नको, झुल्पिकारला परत देतो, सीमेवर शांतता हवी, असं सांगितलं. अख्खं सभागृह क्षणभर गोंधळलं आणि मग टाळ्या. मला त्या माणसाचा त्या दिवशी फार अभिमान वाटला. जगज्जेता झाला नसेल, पण त्याने मुंबईत दहा फेऱ्यांची लढत भरवली आणि लोक तिकीट काढून आले. हे श्रेय त्याचंच.

---

परखड

लेख चांगला, पण जॅकला जरा जास्तच उचलून धरलं आहे. लाइट हेवीवेटचा तो पट्टा डब्ल्यूबीएचा ‘रेग्युलर’ होता. खरा ‘सुपर’ पट्टा तेव्हा आंद्रे वॉर्डकडे. नेथन क्लेव्हर्लीशी ती लढत मेवेदर-मॅकग्रेगरच्या कार्यक्रमात झाली. म्हणजे कंपनी मेवेदरची, मंच मेवेदरचा. योग्य माणसाच्या छत्राखाली असलं की पट्टे मिळतात. विजेंदरला अशी संधी मिळाली असती तर तोही जगज्जेता झाला असता. आपल्याकडे गुणवत्ता नव्हती असा सूर नको.

---

डावखुरा

परखड, ‘रेग्युलर’ पट्ट्याबद्दल सहमत, मी स्वतः तो मोजत नाही. पण डब्ल्यूबीसीचे दोन पट्टे कुठल्याही हिशेबात खरे आहेत. सुपर मिडलवेट ७६.२ किलो, क्रूझरवेट ९०.७ किलो. या दोन्हींत जगज्जेता होणं फार दुर्मीळ आहे.

छत्राखाली असण्याचा मुद्दा मात्र तपासून बघा. मेवेदरच्या कंपनीत असताना त्याला सोप्या लढती मिळाल्या का? पट्टा घेतल्यावर पहिला बचाव जॉर्ज ग्रोव्हजविरुद्ध. मग ल्युशन ब्यूट, रिंगमध्ये बरोबरी, पुढे ब्यूट उत्तेजक चाचणीत अडकल्याने निकाल जॅकच्या बाजूने. मग १४ जानेवारी २०१७, ब्रुकलिन, जेम्स डिगेल, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफ असे दोन्ही पट्टे पणाला. मग टोरांटोत अडोनिस स्टीव्हनसनशी त्याच्या अंगणात, पुन्हा बरोबरी. जानेवारी २०१९ मध्ये मार्कस ब्राउनशी लढताना कपाळ असं फाटलं, की रक्ताने चेहरा दिसेना, तरी बारा फेऱ्या पूर्ण केल्या. वर्षअखेर जाँ पास्कालकडून विभागलेल्या निकालाने पराभव. हे कुणी सांभाळून नेलेल्या बॉक्सरचं पुस्तक नाही.

डिगेलच्या लढतीवर थांबतो, कारण तीच या धाग्याचं खरं कारण आहे. डिगेल कोण? त्याच बीजिंगमधला ७५ किलोचा सुवर्णपदक विजेता. ज्या कोरेयाने विजेंदरला रोखलं, त्याला अंतिम लढतीत डिगेलने १६-१४ ने हरवलं. कोरेयाने त्या लढतीत डिगेलला चावा घेतला आणि दोन गुण गमावले. फरकही दोनच गुणांचा. तर आठ वर्षांनी बीजिंगच्या एकाच गटातले दोघे, एक सुवर्णवाला आणि एक पहिल्याच लढतीत घरी गेलेला, दोघंही जगज्जेते म्हणून समोरासमोर. पहिल्या फेरीत डिगेलने जॅकला खाली पाडलं. मधल्या फेऱ्यांत जॅक त्याच्या पोटावर मारत राहिला. डिगेलचे दात गेले. आणि बाराव्या फेरीत जॅकने अपरकटने डिगेलला पाडलं. दोन जजांनी ११३-११३, एकाने डिगेलला ११४-११२. बरोबरी.

ती बारावी फेरी बघा आणि मग बीजिंगची आठ मिनिटं आठवा. मकाबूलाही त्याने बाराव्यातच थांबवलं. माझा मुद्दा एवढाच आहे.

विजेंदरच्या गुणवत्तेबद्दल मला शंका नाही. २००९ च्या मिलान जागतिक स्पर्धेत कांस्य, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अंतिम लढतीत अब्बोस अतोएव्हला ७-० ने हरवून सुवर्ण. तो २०१० ला व्यावसायिक झाला असता तर? तो झाला जून २०१५ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर. त्या वेळी जॅक पट्टा कमरेला बांधून बसला होता. जुलै २०१६ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये विजेंदरने केरी होपला हरवून आशिया पॅसिफिक पट्टा घेतला, तेव्हा तो आणि जॅक एकाच वजनगटात होते. बीजिंगमध्ये हरवलेला माणूस त्याच गटाच्या शिखरावर, आणि हरवणारा पायथ्याशी. मला हे वाचताना अजूनही वाईट वाटतं.

---

जुना_कोपरा

पाच वर्षं उशीर का झाला, हे बाहेरून सोपं दिसतं. आमच्या वेळी मुलगा बॉक्सिंगला येई तो नोकरीसाठी. सेनादल, रेल्वे, पोलीस. विजेंदरचे वडील हरियाणा रोडवेजमध्ये ड्रायव्हर होते, मोठा भाऊ मनोज बॉक्सिंगच्या जोरावर सैन्यात लागला, ते बघून धाकटा रिंगमध्ये आला. अशा घरातल्या मुलाला हरियाणा पोलिसात डीएसपी केलं, खेलरत्न मिळालं, पद्मश्री मिळाली. ते सगळं एका बाजूला ठेवून परदेशात चार फेऱ्यांच्या लढतींपासून सुरुवात कर, असं त्याला २०१० मध्ये कुणी सांगितलं असतं? आणि व्यावसायिक झालास तर ऑलिंपिकचं दार बंद, हा तेव्हाचा नियम. ते दार उघडलं रिओच्या तोंडावर, २०१६ मध्ये.

जॅकला मागे सोडण्यासारखं काहीच नव्हतं. हे क्रूर वाटेल, पण पहिल्याच लढतीतल्या पराभवाने त्याला मोकळं केलं.

---

थेम्सकाठी

मी लंडनला असते. डिगेल इथल्या हार्ल्सडेनचा. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण सुवर्णवाल्याची वाट सोपी असते असा समज इथेही होता.

फेब्रुवारी २००९ मध्ये त्याचं पदार्पण बर्मिंगहॅमला झालं. जिंकला, आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. सहा महिन्यांपूर्वी याच मुलाला डोक्यावर घेतलं होतं. २०११ मध्ये लंडनच्या ओ-टू सभागृहात तो जॉर्ज ग्रोव्हजकडून हरला, दोन जजांनी एकेका गुणाने ग्रोव्हजला दिली. त्यानंतर काही काळ तो छोट्या सभागृहांत लढत होता. शेवटी २३ मे २०१५ रोजी बॉस्टनमध्ये आंद्रे डिरेलला दोनदा पाडून आयबीएफ पट्टा घेतला. ऑलिंपिक सुवर्ण आणि व्यावसायिक जगज्जेतेपद दोन्ही मिळवणारा तो पहिला ब्रिटिश. आणि योगायोग बघा, अँथनी डिरेल आणि आंद्रे डिरेल सख्खे भाऊ. एका महिन्याच्या अंतराने जॅकने एकाला आणि डिगेलने दुसऱ्याला हरवलं.

त्या गटातलं दुसरं कांस्य आयर्लंडच्या डॅरन सदरलंडचं होतं, विजेंदरच्या बरोबरीने व्यासपीठावर उभा होता. तोही व्यावसायिक झाला, चारही लढती जिंकला. सप्टेंबर २००९ मध्ये लंडनमध्ये तो गेला. वय २७. बॉक्सिंगमध्ये एकटेपणा किती असतो, ऑलिंपिकच्या गावातून थेट भाड्याच्या खोलीत आल्यावर माणसाला काय वाटत असेल, यावर तेव्हा इथे खूप बोललं गेलं. या धाग्यात त्याचं नाव यायला हवं असं वाटलं म्हणून लिहिलं.

---

डावखुरा

थेम्सकाठी, मनापासून आभार. सदरलंडचं नाव मूळ लेखातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे.

राहिले दोघे. कोरेयाचे वडील, तेही एमिलियो कोरेया, १९७२ च्या म्युनिकमधले सुवर्णविजेते. पण क्यूबात व्यावसायिक बॉक्सिंगला परवानगी २०२२ मध्ये मिळाली, तोवर धाकट्या कोरेयाचं वय निघून गेलं. मायदेश सोडून पळणं हाच त्याच्यापुढचा मार्ग होता आणि त्याने तो घेतला नाही. गोंगोरा मात्र २०१५ मध्ये व्यावसायिक झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये अली अखमेदोव्हला शेवटच्या फेरीत गारद करून आयबीओचा पट्टा घेऊन गेला. आयबीओला चार मोठ्या संघटनांत धरत नाहीत, पण विजेंदरने ज्याला ९-४ ने हरवलं तो ३१ व्या वर्षी अशी लढत जिंकतो, हे सांगण्यासारखं आहे.

---

मांडवीकाठ

गोव्याची आठवण कुणीच काढली नाही. १९ मार्च २०२१, पणजीत मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजाच्या छतावर रिंग उभारली होती. विजेंदर १२ लढती जिंकून अपराजित, पण नोव्हेंबर २०१९ नंतर रिंगमध्ये उतरलेला नव्हता. समोर रशियाचा आर्तिश लोप्सान, उंची सहा फूट चार इंच, वय २६. आयुष्यभर विजेंदरने हाताच्या लांबीवर लढती काढल्या, आणि इथे समोरच्याचाच हात लांब. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली.

मी किनाऱ्यावर होतो, आत जायला मिळालं नाही. निकाल फोनवर कळला. आमच्या घोळक्यात कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर लोक वाटेल ते लिहीत होते, ते वाचून चीड आली. ३५ वर्षांचा माणूस, १६ महिने लढत नाही, आणि समोर नऊ वर्षांनी लहान बॉक्सर. पुढच्या वर्षी रायपूरला परत आला आणि घानाच्या एलियासू सुलेला दुसऱ्या फेरीत झोपवलं, हे मात्र किती जणांनी छापलं?

---

परखड

डावखुरा, डिगेल-जॅक रात्री पाहिली. पूर्ण बारा फेऱ्या. जॅकबद्दलचं माझं मत बदललं. विजेंदरला योग्य वयात संधी मिळायला हवी होती, हे मत कायम आहे.

---

पन्हाळ्याची_आई

सगळे प्रतिसाद वाचले. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, कोल्हापुरात बॉक्सिंग शिकतो. घरात सगळे कुस्तीवाले, त्यामुळे याला सल्ला द्यायला कुणी नाही. तो मोबाइलवर व्यावसायिक लढती बघतो आणि म्हणतो, मला ऑलिंपिक नको, थेट बेल्टसाठी लढायचं. जुना_कोपरा दादा, त्याला काय सांगू?

---

जुना_कोपरा

ताई, त्याला जॅकची गोष्ट सांगा, पण पूर्ण सांगा. जॅक थेट पट्ट्यासाठी लढायला गेला नव्हता. आधी वर्षानुवर्षं हौशी लढती लढला, स्वीडनमध्ये राष्ट्रीय विजेता झाला, ऑलिंपिकला पोचला, मग २५ व्या वर्षी व्यावसायिक झाला. १३-२ ने हरलेला माणूसही तिथवर पोचायला शेकडो फेऱ्या घाम गाळून आलेला असतो. डिगेल, गोंगोरा, सगळ्यांचं तसंच.

१४ व्या वर्षी त्याने जिल्हा आणि राज्य पातळीवर जितक्या जास्त लढती मिळतील तितक्या लढाव्यात, तीन फेऱ्यांच्या आणि हेडगार्ड घालून. वेगवेगळ्या शैलीचे बॉक्सर समोर यावेत. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये मुलांची निवड होते, तिथल्या चाचण्यांची चौकशी करा, कारण तिथे राहणं, खाणं, शाळा सगळं सांभाळलं जातं. वजन कमी करण्यासाठी पाणी तोडायला कुणी सांगत असेल तर त्या शिक्षकाकडून मुलाला काढा, या वयात ते अजिबात नको. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली, तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत रिंगमध्ये पाऊल नको, मग स्पर्धा कितीही मोठी असो.

आणि त्याला पोटावर मारायला आत्तापासून शिकू दे. आमच्या वेळी त्याला गुण मिळत नव्हते, आता मिळतात. कोणत्या हाताने खेळतो ते कळवा, सरावाचा क्रम लिहून देतो.